सुपातली बाई

आमचं गाव गिरणेच्या काठाला, कळवण आणि सटाणा यांच्या मधे, आणि आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, म्हणजे नदीला पूर आला की पाणी आधी आमच्या चुलीत शिरणार आणि मग गावाला कळणार की पूर आलाय. शेत आम्हाला नव्हतं, बैल नव्हते, एक कुदळ होती आणि एक फावडं, त्या फावड्याचा दांडासुद्धा बाबांनी घरीच बाभळीचा घातलेला. बाबा पांढरीची माती खणायचे. पांढर म्हणजे काय ते आधी सांगते, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. नदीच्या वळणावर एक टेकाड आहे, जुनी गावं एकावर एक बसून झालेलं, त्याची माती राखेसारखी भुरी, ती शेतात पसरली की पीक जोमानं येतं, म्हणून मळेवाले ती गाड्या भरून न्यायचे, आणि खणून गाडी भरून द्यायचं काम आमच्या वस्तीचं. खणलं तर भाकरी, नाही खणलं तर अंबाडीचा पाला उकडून नुसता. पावसाळ्यात माती खणता यायची नाही, तेव्हा तो पालाच. बाबांच्या केसांत, भुवयांत, कानात ती भुरी माती बसलेली असायची, आणि माय म्हणायची, हा माणूस म्हातारा व्हायच्या आधीच पांढरा झाला.

आता बाईचं सांगते. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, दिवस भरलेली असताना पांढरीवर माती खणत होती. भरलेली असली म्हणून काय झालं, घरी बसून कोण खायला देणार. तिथंच कळा सुरू झाल्या. बरोबरच्या बाया धावत येईपर्यंत आजी त्या खड्ड्यात बसलेली, दोन्ही हातांनी माती गच्च धरलेली, आणि मातीत तिच्या मुठीत काहीतरी आलं, ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. माझे बाबा तिथं, त्या खड्ड्यात जन्मले. नंतर मूठ उघडली तर भाजक्या मातीची बाई. वितीपेक्षा लहान, रुंद कंबर, दोन हात आखूड, छाती भरलेली, आणि मुंडकं नाही. कमरेला डावीकडे एक टवका उडालेला, तो आजीच्याच कुदळीचा. वस्तीतल्या बायांनी विचारलं, अगं हिचं मुंडकं कुठे आहे, शोध की तिथंच, तर आजी म्हणाली, मुंडकं कशाला, बाळंतपणात मुंडकं लागतं होय.

अशी होती आमची आजी.

तेव्हापासून वस्तीत कोणी अडली की बाईला बोलावणं यायचं. आणि त्याची रीत आजीनंच बसवली, कुठल्या पोथीतली नाही, कोणाकडून आलेली नाही. बाईला सुपात घालायचं, खाली ओंजळभर बाजरी, आणि सूप त्या घरी न्यायचं. बाळंतिणीच्या उशाशी ती राहणार. कळा आल्या की बाईच्या पाठीवरून तेलाचा अंगठा फिरवायचा, बाकी काही नाही, हळद नाही, कुंकू नाही. बाजरी त्या घरानं ठेवायची, तिची पेज बाळंतिणीला. पाचवी झाली की ज्या घरानं बाई नेली त्या घरानंच ती परत आणायची, आणि आपल्या हातानं आमच्या हातात द्यायची. आणि यात एक गोष्ट फार महत्त्वाची, आम्ही कधी मागायची नाही. उशीर झाला, विसरले, काही झालं तरी मागायची नाही. मागितली तर लेकराला बाधते, असं आजी म्हणायची. आणि तुम्हाला सांगते, कोणी विसरत नव्हतं.

गावातल्या वरच्या आळीतूनही बोलावणं यायचं, ते मात्र मागच्या दारानं. आमच्या हातचं पाणी त्यांना चालायचं नाही, मजुरीची बाजरीसुद्धा वरून पदरात टाकायचे, पण बाई त्यांच्या सुनांच्या उशाशी निजायची. आणि परत देताना वरून टाकून कशी देणार, मातीची ती, फुटली तर. म्हणून हातात द्यावी लागायची. तेवढ्यापुरता त्यांचा हात आमच्या हाताला लागायचा. माय मला हसत सांगायची, पाटलीणबाई बाई देताना अशी डोळे मिटायची जशी काय इंगळावर हात ठेवतेय.

माझ्या जन्माआधी आमच्या वस्तीनं धम्म घेतला. घरोघरचे टाक, मूर्ती, सगळे टोपल्यांत भरून गिरणेत सोडले, बाबा सगळ्यात पुढे. घरी येऊन ते कोनाड्याकडे बघून म्हणाले, आणि ही? आजी म्हणाली, ही देव आहे का, हिला कधी निवद दाखवला का, हिच्यापुढे कोणी हात जोडलेला बघितलास का, ही आपली सुईण आहे, सुईणीला कोणी नदीत सोडतं का, आणि तू तर हिच्याच हातावर पडलेला. बाबा वाद घालण्यात कोणाला ऐकणारे नव्हते, पण यावर त्यांनी हातातली रिकामी टोपली कोपऱ्यात ठेवली. बाई कोनाड्यात राहिली, मिठाच्या गाडग्याशेजारी.

आजी गेली आणि बाई मायकडे आली.

मग बहात्तरचा दुष्काळ. त्याचं काय सांगू तुम्हाला, सगळ्यांनी सांगून झालंय, खडी फोडली, सुकडी खाल्ली. तो सरला आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पांढरीवर तंबू लागले. पुण्याहून माणसं आली, एक मोठे सर, पाच-सहा विद्यार्थी, आणि एक मॅडम. खणायला माणसं पाहिजेत म्हणाले, तर सगळी वस्ती गेली, आम्हाला तर सवयच. पण हे खणणं वेगळं होतं. बाबा कुदळ मारायला गेले तर सर म्हणाले, हळू, आणि हातात चाकू आणि ब्रश दिला. बाबा रात्री जेवताना म्हणाले, आजपर्यंत माती खणत होतो, आज तिची दाढी केली.

माय खापरं धुवायला होती. घमेल्यात पाणी, आणि एकेक खापर हळूच धुवून उन्हात मांडायचं. मॅडम शेजारी बसून त्यांची चित्रं काढायच्या. लहानखुऱ्या, चष्म्याच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. एकदा दुपारी त्या आमच्या दाराशी आल्या आणि पाणी मागितलं. माय थबकली. म्हणाली, मॅडम, आम्ही खालच्या वस्तीतले. मॅडम म्हणाल्या, मग काय खालच्या वस्तीतलं पाणी गोड नसतं का, आणि स्वतःच माठात तांब्या बुडवून प्यायल्या. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन, उंबऱ्यावर बसून पाटी पुसत होते. मायनं त्यांच्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, कितवा? मॅडम लाल झाल्या. म्हणाल्या, अजून तर कोणाला कळलं पण नाही, तुम्हाला कसं कळलं. माय म्हणाली, चालताना तुम्ही टाच आधी टेकता.

तंबूतल्या बाकीच्यांना नंतर कळलं. मग सर म्हणाले, आता उन्हं वाढायच्या आत तुम्ही पुण्याला जा. मॅडम जायच्या आदल्या दिवशी मायनं सूप घासून धुतलं, वाळवलं, ओंजळभर बाजरी निवडून घेतली, एक खडा राहू दिला नाही, आणि बाई सुपात घालून पांढरीवर गेली. मी तिच्या पदराला धरून. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते. मॅडमनी सुपात बघितलं आणि त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. त्यांनी बाईला उचललं, इतकं हळू उचललं की मायला फार बरं वाटलं, ती नंतर कित्येक वर्षं ते सांगायची, काय हातानं उचलली गं तिनं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सरांना हाक मारली, सगळे धावले, फोटो काढले, कुठे मिळाली विचारलं, मायनं पांढरीवरची खड्ड्याची जागा दाखवली. सर बक्षीस द्यायला लागले तर मायनं हात पाठीमागे केले, बाळंतपणाचं बक्षीस कोण घेतं. मॅडम तिचा हात धरून म्हणाल्या, आम्ही हिला अगदी नीट सांभाळू. माय म्हणाली, हो, सांभाळा, आणि अंगठ्याला तेल लावायला विसरू नका. त्या हसल्या. त्यांना वाटलं असेल, गावची बाई आहे, काहीतरी बोलते.

बाईला कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलं. सूप आणि बाजरी मात्र मायला परत दिली. तेव्हाच मायच्या काळजात जरा हललं. बाजरी परत देत नाहीत. वाटेत मला म्हणाली, शके, बाजरी परत कशी केली गं. मग आपणच म्हणाली, शहरात पेज पीत नसतील.

बाबांना रात्री कळलं तर ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, अगं ती सरकारात जमा झाली, आता कसली येते. माय म्हणाली, सरकार बाळंत होतं का? ती मॅडमसोबत गेली, मॅडम सुटली की येईल.

आणि वाट बघायला लागली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, हिवाळ्यात पुन्हा तंबू लागले, पण मॅडम आल्या नाहीत, दुसरीच माणसं होती. बाबा म्हणाले, मी विचारतो. माय आडवी आली. आमच्याकडे अहिराणी चालते, माय रागावली की पक्की अहिराणीत जायची. म्हणाली, इचारानं नही, तिनं लेकरू लहान शे, म्हणजे विचारायचं नाही, तिचं लेकरू लहान आहे. पुढच्या वर्षी तंबूही आले नाहीत, खड्डे बुजवले, आणि मळेवाले पुन्हा गाड्या घेऊन माती न्यायला आले.

कोनाड्यातली बाईची जागा मायनं रिकामी ठेवली. मिठाचं गाडगं एवढंसंही तिकडे सरकलेलं तिला चालायचं नाही. रोज सकाळी ओल्या फडक्यानं तेवढी जागा पुसायची. वस्तीत कोणाला दिवस गेले की बाया विचारायच्या, बाई आली का, आणि माय म्हणायची, येईल. मग थोरल्या भावाचं लग्न झालं, आणि वहिनीचं पहिलं मूल गेलं, जन्मताच गेलं. त्या वेळी बायांनी मायला काय काय ऐकवलं. एक तर तोंडावर म्हणाली, घरची बाई पुण्याला दिली आणि सून कोरडी ठेवली. पाटलीणबाईनं सालदाराच्या हाती निरोप पाठवला, आमच्या सुनेला दिवस आहेत, आणि नाही म्हटल्यावर तिचा उलटा निरोप आला, तुम्हा लोकांना जिन्नस सांभाळता येत नाही. मी शाळेतून येऊन बघायची तर ती वहिनीच्या पाठीवरून तेलाचा अंगठा फिरवत बसलेली.

तुम्ही म्हणाल, ही शिकलेली बाई, एम.ए. झालेली, आणि मातीच्या बाहुलीनं लेकरं वाचतात असं सांगते का. नाही सांगत. मूल कशानं गेलं ते मला माहीत आहे, दवाखाना कळवणला होता आणि गाडी मिळाली नाही, त्यानं गेलं. पण अंधारात धरायला काहीतरी लागतं, ते आमच्याकडे होतं आणि मग नव्हतं, मी एवढंच सांगते.

मॅट्रिक पास झाले ती वस्तीतली पहिली मुलगी मीच. बाबा पेढे वाटायला गावात गेले, वरच्या आळीतसुद्धा, मागच्या नाही, पुढच्या दारानं. मग नाशिकला. माझा मामा सातपूरला एका कारखान्यात होता, पाळीवर जायचा, त्याची एक खोली आणि बाहेर पत्र्याचा आडोसा, त्यात मी, मामी आणि त्यांची दोन पोरं. मामाची रात्रपाळी असली की तो दिवसा झोपणार आणि आम्ही सगळी खोलीबाहेर, मी नळाच्या कट्ट्यावर बसून अभ्यास करायची. मामी मोठी बोलकी. म्हणायची, कॉलेजात इतिहास घेतलास, मेलेल्या राजांचं वाचून पगार मिळतो का गं. मी म्हणायची, मिळतो. मला तेव्हा माहीत नव्हतं मिळतो की नाही.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्या सरांनी एक दिवस वर्गाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले आणि भिंतीवर चित्रं दाखवली, ती काचपट्ट्या घालून दाखवायची मशीन असते ना, ती. आधी दगडाची हत्यारं, मग मध्य प्रदेशातल्या गुहांमधली चित्रं, लाल रंगात शिकार करणारी माणसं, नाचणारी माणसं, एका चित्रात पोटुशी गाय आणि तिच्या पोटात वासरू काढलेलं. मी ते बघतच राहिले, कारण ज्यानं काढलं त्याला आतलं दिसत होतं. आणि त्याच्या पुढचं चित्र आलं आणि भिंतीवर आमची बाई उभी.

भिंतीएवढी मोठी. मुंडकं नाही, रुंद कंबर, आणि डावीकडे आजीच्या कुदळीचा टवका.

सर सांगत होते, गिरणेच्या खोऱ्यात मिळालेली मातृदेवता, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, हिला मुंडकं मुळातच केलेलं नाही. मी उभी राहिले. म्हणाले, सर, ही आमची आहे. सर म्हणाले, हो, आपल्याच जिल्ह्यातली आहे. मी म्हणाले, जिल्ह्यातली नाही सर, आमच्या घरातली आहे, मिठाच्या गाडग्याशेजारची. मग जे हसले सगळे. पुढे वर्षभर पोरं मला बघितलं की म्हणायची, आली रे बिनमुंडक्याची. एकदा मी वळून म्हणाले, तिला मुंडकं नसून ती साऱ्या वस्तीच्या उपयोगी पडली, तुम्हाला आहे तर नुसता भांग पाडता. त्यानंतर जरा कमी झालं. सर मात्र हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ती पुण्याला आहे, ज्यांनी खणलं त्यांच्याच संस्थेत, आणि तू मन लावून शिकलीस तर तिथंच एम.ए.ला जाता येईल.

शनिवारी वणीमार्गे जाणारी एसटी धरली आणि घरी गेले. माय जात्यावर होती. म्हटलं, माये, बाई सापडली. तिचा हात थांबला. मला वाटलं ती आता विचारेल कुठे आहे, कशी आहे. ती म्हणाली, आणि मॅडमचं लेकरू कसं शे? मी म्हटलं, ते कुठे माहीत आहे मला. ती म्हणाली, मग काय सापडली. जा, आधी ते बघून ये, आणि बघ, मागू नको.

तर काय सांगू तुम्हाला, मी पुढे शिकले ते त्या एका वाक्यासाठी. बी.ए. झाले, चांगल्या गुणांनी झाले, आणि पुण्याला गेले. वसतिगृहाचं जेवण गोडूस, आमटीत गूळ, मी पहिला महिनाभर घरची लाल चटणी लावून खाल्ली. आणि वर्गात पहिल्याच आठवड्यात मॅडम. केस पिकायला लागलेले, चष्मा जाड झालेला, पण खापर हातात धरायची तीच पद्धत. त्या आम्हाला खापरांची चित्रं काढायला शिकवायच्या. दोन खोल्या पलीकडे बाई कपाटात होती, मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. मी रोज त्या दारावरून जायची आणि थांबायची नाही. मागायची नाही म्हणजे नाही. एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, वेडी आहेस का, सरळ विचार की. तिला कसं समजावणार.

मग एके दिवशी दुपारी एक मुलगी आली, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या, हातात पेरू. मॅडमच्या टेबलाजवळच्या उंच स्टुलावर बसली आणि पाय हलवत पेरू खायला लागली आणि शाळेत कोण कोणाशी भांडलं ते सगळं सांगायला लागली, थांबेचना. मॅडम म्हणाल्या, अगं जरा श्वास घे. मी खापर हातात धरून तिच्याकडे बघत बसले. मॅडमना वाटलं माझं चित्र चुकलं.

दिवाळीला घरी जाऊन मायला सांगितलं, मुलगी आहे, चांगली धडधाकट आहे, आणि तोंड एकसारखं चालू. माय हसली आणि मग तोंडाला पदर लावून रडली. म्हणाली, बाईनं काम केलं तिचं.

आता ती कशी परत आली ते सांगते. मी मागितली नाही, हे लिहून घ्या. दुसऱ्या सत्रात मॅडम एकेकाला आपल्या खोलीत बोलावून विचारत होत्या, कोण कुठलं. मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, तिथं मी खणलंय, पहिलाच कॅम्प माझा, तिथं खापरं धुणारी एक बाई होती, तिनं मला, आणि थांबल्या. मग म्हणाल्या, तू ओळखतेस का तिला? मी म्हटलं, माझी माय ती. कशी आहे? म्हटलं, बरी आहे, वाट बघते. कोणाची? मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे एक रीत आहे, ती सांगू का. आणि मी रीत सांगितली. सूप, बाजरी, तेलाचा अंगठा, पाचवी, ज्यांनी नेली त्यांनीच आणून द्यायची, आणि आम्ही मागायची नाही. एवढंच, पुढे एक शब्द नाही.

मॅडम उठल्या आणि जाऊन दार लोटलं. मग म्हणाल्या, बाजरी मी परत केली होती.

त्यांना आठवत होतं.

म्हणाल्या, मला वाटलं तिनं संस्थेला दिली. मी दरवर्षी मुलांना अभिमानानं सांगते की एका खेड्यातल्या बाईनं आपण होऊन दिली. मी म्हटलं, आपण होऊनच दिली होती मॅडम, तुम्हाला दिली होती. त्या म्हणाल्या, आता ती माझी नाही गं, नोंद झाली आहे, मी बाहेर काढून देऊ शकत नाही, कायदा आहे. मी म्हटलं, मी कुठे मागितली. त्या म्हणाल्या, हो, नाही मागितलीस. मग चष्मा पुसून म्हणाल्या, आईला इथं घेऊन ये. परवानगी मी काढते.

माय पुण्याला आली ती सूप घेऊन. लुगड्यात गुंडाळलेलं सूप काखेत, नाशिकला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, मावशी, सुपाचं अर्धं तिकीट लागेल, तर माय म्हणाली, घे की, पण मग त्याला बसायला जागा दे. एवढी बोलत होती, आणि संस्थेच्या पायऱ्यांशी आल्यावर तिनं सूप काखेतून काढून छातीशी धरलं. आत टेबलावर पांढरा कापूस अंथरलेला. मॅडम आणि त्यांची मुलगी. मायनं आधी मुलीला बघितलं, जवळ ओढलं, तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मुलगी पहिल्यांदाच गप्प होती. मग मॅडमनी कापसावरून बाईला दोन्ही हातांनी उचललं आणि मायच्या हातात दिलं. डोळे मिटले नाहीत. म्हणाल्या, उशीर झाला.

माय म्हणाली, हलकी झाली गं.

इतक्या वर्षांचं तेल तिथं धुवून काढलेलं. मायनं तिला उलटी केली. पाठीवर खाली काळ्या शाईनं बारीक नंबर घातलेला. माय म्हणाली, हे काय, गोंदलं हिला? मॅडम म्हणाल्या, ती आमची खूण आहे, हरवू नये म्हणून. माय बराच वेळ त्या नंबरावरून अंगठा फिरवत राहिली, कोरडाच अंगठा, तेल लावायची परवानगी नव्हती. मी बाजूला उभी, मला वाटत होतं की आता ही रडेल, किंवा बाईला पदरात घेऊन चालायला लागेल आणि मग काय करायचं. आमच्याकडे लग्न झाल्यावर पोरीला सासरी गोंदायचे, मायच्या हातावरही आहे. ती म्हणाली, गोंदलं म्हणजे आता हिचं घर झालं हे.

मग तिनं सूप उघडलं, त्यात बाजरी होतीच. बाईला सुपात ठेवलं आणि सूप मॅडमपुढे धरलं. म्हणाली, ही तुझ्या पोरीसाठी. तिला वेळ आहे अजून, असू दे. तिचं झालं की तिनं आणून द्यावी, मी असले तर माझ्या हातात, नाही तर शकीच्या. आणि बाजरी ह्या खेपेला ठेवून घे. मॅडमनी पदर पसरला, आणि मायनं बाजरी पदरात घातली, वरून टाकली नाही, सूप पदराला टेकवून हळूच ओतली. बाई पुन्हा कापसावर गेली.

परतीच्या गाडीत सिन्नरपर्यंत माय रिकामं सूप मांडीवर घेऊन बसली. मग विचारलं, शके, त्या कपाटात थंडी वाजत असेल का गं. मी म्हटलं, नाही माये, तिथं सगळं सारखं असतं, ना थंडी ना ऊन. ती म्हणाली, मग तर अजूनच वाईट.

आता मी नाशिकला एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, सातपूरलाच दोन खोल्यांचं घर आहे, आमचे हे कारखान्यात आहेत. माझं बाळंतपण मोठ्या दवाखान्यात झालं, माय आली होती, उशाशी बसली होती, दोन्ही हात मोकळे, काय करावं त्यांचं ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं आपला अंगठाच माझ्या मुठीत दिला आणि म्हणाली, धर. तो मी धरला. पण खोटं कशाला सांगू, कळ आली की मला बाई पाहिजे होती. दोन खोल्या पलीकडचं, मी रोज ज्यावरून जायची ते दार आठवत होतं.

बाबा आता नाहीत. पांढर खणणंही आता बंद आहे, सरकारी पाटी लागली आहे. माय गावीच असते, माझ्याकडे चार दिवस राहिली की कंटाळते. कोनाडा अजून पुसते. मॅडमच्या मुलीचं पत्र येतं कधी कधी, कॉलेजात आहे आता, ती लिहिते, आजीला सांगा, लक्षात आहे. माय म्हणते, लक्षात असलं की झालं, सुखी राहा पोरी, घाई नाही.

मी माझ्या माहेरच्या वस्तीतली पहिली पदवीधर. एम.ए. झाले. आणि आमची बाई एकदा मायच्या हातात परत आली, जिनं नेली तिच्याच हातानं आली, आणि आम्ही मागितली नव्हती.